पहाटे चारचा तास

गेल्या अंकात बोलता बोलता लिहून गेले, की महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या आदल्या रात्री आमच्या देवळात आराधना असते आणि माझा तास पहाटे चार ते पाचचा. विषय दुसराच होता. पण या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आहेत. तेव्हा हा अंक त्यालाच देते. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्याहून जास्त वर्षं रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले, पण मी धर्मगुरू नव्हे. जिथे अडले तिथे फादरांना विचारून घेतलंय. बाकी बरंवाईट माझं.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही अशाही दोघा-तिघांनी विचारलंय, त्यांच्यासाठी थोडक्यात. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस हे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, अशी आम्हा कॅथलिकांची श्रद्धा. त्यातली एक भाकर, म्हणजे पांढरी, पापडाहून पातळ अशी तळहाताएवढी चकती, काचेच्या गोल डबीत बसवून सोनेरी किरणांच्या उभ्या पात्रात वेदीवर ठेवतात. त्या पात्राला मॉन्स्ट्रन्स म्हणतात. मग माणसं समोर येऊन बसतात. बराचसा वेळ गप्पच. एवढंच दिसतं. बाहेरून बघणाऱ्याला काही चाललंय असं वाटतसुद्धा नाही.

*

प्रश्न : बाई, मी दर महिन्याला रात्री अकरा ते बाराचा तास घेतो. कामावरून तसाच येतो. पंधरा मिनिटांत डुलक्या लागतात. जागा राहिलो तर घराचा हप्ता आठवतो. असा तास धरला जातो का?
— वाचक, नालासोपारा

उत्तर : वर कुणी हजेरीपट घेऊन बसलंय असं तुम्हाला वाटतंय. तो धंदा मी केलाय, म्हणून सांगते, हजेरी लावणाऱ्यालाही मागच्या बाकावर डुलकी काढणारं पोर दिसतं आणि तो ते सोडून देतो.

गेथसेमानेच्या बागेत पेत्र, याकोब आणि योहान झोपले होते. खास निवडून नेलेले तिघं, आणि तासभरही जागता आलं नाही. प्रभू त्यांना बोलला खरा, पण बदलून दुसरे तिघं आणले नाहीत. लिझ्यूची संत तेरेसा तर मठात राहून प्रार्थनेत झोपायची. त्याबद्दल ती म्हणायची, की लेकरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना सारखीच आवडतात. चोवीस वर्षांची पोर ती, गेली तेव्हा. पुढे चर्चने तिला धर्मपंडितांत बसवलं.

हप्त्याचं म्हणाल तर तो आठवल्यावर हाकलू नका. समोर ठेवा. "एवढे द्यायचेत, एवढेच आहेत." मी निवृत्त झाले त्या साली ग्रॅच्युइटीचे कागद अडकले होते. सात-आठ महिने माझ्या तासाला दुसरा विषयच नव्हता.

झोपेवर माझा एक गावठी उपाय आहे. जपमाळ बोटांत सैल धरायची. डोळा लागला की ती खाली पडते, फरशीवर खळकन आवाज होतो, आपण जागे. शेजारचाही जागा होतो. (आराधनेत जपमाळ चालते का, असं दोघींनी विचारलंय. चालते. जपमाळेत ज्यांवर मनन करतो ती रहस्यं बहुतेक ख्रिस्ताच्या आयुष्याचीच आहेत. फक्त मोठ्याने, दुसऱ्याच्या कानात नको.)

आणि तुम्हाला माहीत नसेल, पण तुमचा तास हाच मूळ तास आहे. फ्रान्समध्ये पारे-ल-मोनियाल इथल्या मठात मार्गारेट मेरी नावाची धर्मभगिनी होती. १६७० नंतरच्या त्या वर्षांत तिला दर्शनं झाली. त्यांत गुरुवारी रात्री अकरा ते बारा, बागेतल्या त्या दुःखाच्या सोबतीला जागायला तिला सांगितलं होतं. पहिला शुक्रवारही तिथूनच आला. आमचे बाकीचे तास म्हणजे त्या एका तासाला मागून जोडलेले डबे.

एक मात्र बोलून घेते. अलीकडे आराधनेनंतर माईक हातात घेऊन "मला ऊब जाणवली", "मला प्रकाश दिसला" असं सांगायची पद्धत पडलीय. ज्यांना जाणवतं त्यांना जाणवो. मला इतक्या वर्षांत जाणवला तो डोक्यावरचा पंखा. तरी दर महिन्याला जाते. तुमच्यासारख्याला ते माईकवरचं ऐकून आपलंच काही चुकतंय असं वाटू लागतं, म्हणून हे लिहिलं.

*

प्रश्न : माझं माहेर वसईचं कॅथलिक, सासर अहिल्यानगरचं प्रॉटेस्टंट. सासरे रोज पहाटे बायबल वाचतात, माझ्यावर लेकीसारखी माया करतात. पण परवा म्हणाले, "सूनबाई, प्रभूने घ्या, खा असं सांगितलं. समोर मांडून बघत बसा असं कुठे सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही.
— एक सून, अहिल्यानगर

उत्तर : तुमच्या सासऱ्यांनी चोख बोट ठेवलंय. घाईने उत्तर दिलं नाहीत ते बरं केलंत.

पहिली गोष्ट म्हणजे आम्ही खातोच. आधी मिस्सा, मग आराधना. जी भाकर मॉन्स्ट्रन्समध्ये असते ती मिस्सातलीच असते. दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ही भाकर राखून ठेवायला सुरुवात झाली ती बघत बसण्यासाठी नव्हेच. आजाऱ्यांसाठी झाली. दुसऱ्या शतकात, साधारण १५५ च्या सुमाराला, रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात आहे, की जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे सेवक, तो वाटा पोचवत. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, मरणाच्या दारात असलेल्यांसाठी थोडी ठेवलेली. मग माणसांच्या लक्षात आलं, की ज्याला आपण ठेवलंय तो इथेच आहे. समोरून जाताना मान लवू लागली. गुडघा टेकू लागला. पुढे १२६४ मध्ये पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण साऱ्या चर्चला लावून दिला.

रोमने १९७३ मध्ये या विधींचं जे पुस्तक काढलं, त्यातही हाच क्रम लावलाय. राखून ठेवण्याचं पहिलं कारण मरणाऱ्याची शिदोरी, आराधना त्याच्या मागून. नुसता आशीर्वाद देण्यापुरती भाकर बाहेर काढायलाही त्यात मनाई आहे, आणि आराधना चालू असताना त्याच जागेत मिस्सा करायलाही. म्हणजे सासरेबुवांना जी भीती वाटते, की बघणं हे खाण्याच्या जागी येऊन बसेल, ती चर्चलाही वाटते.

मग बघत का बसायचं? माझ्या परीने सांगते. पंगतीत एखादा नुसता ताटावर तुटून पडतो. वाढणारी कोण, तिने किती वाजता चूल पेटवली, तिच्या कपाळावर घाम आहे का, काही बघत नाही. त्याचं पोट भरतं. पण यजमानाला भेटला असं त्याला म्हणता येत नाही.

खरा फरक याच्याही खाली आहे आणि तो झाकू नका. मिस्सानंतर समोर आहे ती भाकर की प्रभू? आम्ही म्हणतो प्रभू, रूप तेवढं भाकरीचं उरलंय. योहानाचा सहावा अध्याय सासऱ्यांना पाठ असणार. तो दोघांनी मिळून वाचा. तिथेही ऐकणारे "हे बोलणं कठीण आहे" म्हणून उठून गेलेच. सोळाव्या शतकापासून ही दोन घरं यावर भांडताहेत, तुमच्या स्वयंपाकघरात ते मिटणार नाही. अहिल्यानगरकडची भजनं आमच्या देवळातही गातात. ती मात्र एकत्र म्हणता येतील.

*

प्रश्न : लाज वाटते, पण विचारते. मासिक पाळी चालू असताना आराधनेला बसावं का? आमच्याकडे एक वयस्क बाई "त्या दिवसांत नको" म्हणतात. मी तीनदा माझं नाव काढून घेतलं.
— (नाव, गाव नको)

उत्तर : बसा. चौथ्यांदा नाव काढू नका.

लाज कसली? हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी थेट पोपना विचारला गेलाय. इंग्लंडला धर्मप्रसाराला गेलेल्या ऑगस्टीन नावाच्या मठवाशाने ग्रेगरी द ग्रेट यांना पत्र लिहून विचारलं, अशा दिवसांत बाईने देवळात यावं का, ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली ती भाकर) घ्यावा का? ग्रेगरींनी कळवलं, की तिला देवळात यायची मनाई करू नये. जे निसर्गाने होतं तो तिचा अपराध नव्हे. ख्रिस्तप्रसादही नाकारू नये. आदरापोटी स्वतःहून थांबली तर ती तिची मर्जी. त्यांनी दाखला दिला तो बारा वर्षं रक्तस्राव होत असलेल्या बाईचा. ती गर्दीतून मागून आली आणि प्रभूच्या वस्त्राच्या काठाला शिवली. प्रभूने तिला "मुली" म्हटलं. विटाळ झाला, असं म्हटलं नाही.

आज आमच्याकडे असा कुठलाही नियम नाही. पण शेजारपाजारच्या रीती भिंतीवरून आत येतात. माझ्या आजीनेच मला एकदा वेदीसाठी काढलेल्या फुलांच्या टोपलीला हात लावू दिला नव्हता. तेरा वर्षांची होते. आजी प्रेमळ होती, आणि ते चूक होतं, दोन्ही खरं. त्या वयस्क बाईंना उलटून बोलू नका, नुसत्या जाऊन बसा. आणि आमच्याकडे आराधनेच्या पाळीला आम्ही "तास" म्हणतो. तेवढ्याने बराच गोंधळ वाचतो!

*

आता छोटे प्रश्न एका दमात.

गुडघा एक की दोन? मॉन्स्ट्रन्स बाहेर असताना पूर्वी दोन्ही गुडघे टेकत. १९७३ पासून एकच, टॅबरनॅकल (ती भाकर राखून ठेवायची पेटी) बंद असो की साक्रामेंत, म्हणजे ती भाकर, बाहेर मांडलेला असो. आमच्या पाखाडीतल्या म्हाताऱ्या अजून दोन्ही टेकून कपाळ जमिनीला लावतात. त्यांना कुणी शिकवायला जाऊ नये. ज्यांचे गुडघे गेलेत (माझा डावा) त्यांनी वाकून नमस्कार करावा.

फादर नसले तर? नेमलेला प्रापंचिक सेवक साक्रामेंत बाहेर मांडू शकतो, परत ठेवू शकतो. आशीर्वाद मात्र देऊ शकत नाही, तो धर्मगुरू किंवा डीकन यांनीच द्यायचा. आशीर्वादाच्या वेळी फादर खांद्यावरून घेतलेल्या वस्त्राने हात झाकून मॉन्स्ट्रन्स धरतात ते पाहिलं असेल. हात माझे नाहीत, देणारा दुसरा, असा त्याचा अर्थ.

"तान्तुम एर्गो"चा अर्थ काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी रचलेल्या स्तोत्राची ती शेवटची दोन कडवी. म्हणून आपण वाकून, साक्रामेंताची आराधना करू या, असा आशय. मी ते दुसरीत असताना तोंडपाठ केलं, अर्थ कळला बी.एड.ला असताना. मधली वर्षं वाया गेली असं वाटत नाही.

टॅबरनॅकलपुढचा तांबडा दिवा विजेचा चालेल का? तेलाचा किंवा मेणाचा असावा, असं नियम सांगतो. बल्ब लावलेला दिसला की माझा जीव खट्टू होतो. सोय आहे, कळतं. पण दिव्यात तेल घालायला कुणीतरी यावं लागतं, त्यातच तर मजा आहे.

होस्ट, म्हणजे मिस्साची ती चकती, घरी करता येईल का? गव्हाचं पीठ आणि पाणी, बस्स. खमीर नाही, मीठ नाही. दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये पातळ पोळी भाजतात. भाजल्या भाजल्या कापायला गेलं तर चुरा होतो, म्हणून ओलसर जागी ठेवून थोडी मऊ पडू देतात, मग गोल साच्याने कापतात. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर हे करायच्या, आणि कापून उरलेली कातरण कागदाच्या पुडीत आम्हा मुलींना मिळायची. चव म्हणाल तर काही नाही. तरी भांडायचो. घरी मात्र करू नका, ते काम ज्यांना नेमून दिलंय त्यांचं.

*

प्रश्न : आईच्या लाकडी पेटीत १९६४ सालचा एक बिल्ला सापडला. त्यावर "काँग्रेस" आहे आणि पेल्याचं चित्र आहे. आमचे आजोबा काँग्रेसमध्ये होते का?
— वाचक, विरार

उत्तर : असतीलही, पण हा बिल्ला त्या काँग्रेसचा नव्हे. पत्र वाचून मी एकटीच हसत बसले होते.

आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस, म्हणजे साक्रामेंताच्या भक्तीसाठी देशोदेशीच्या लोकांचा मेळावा. पहिला १८८१ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात भरला. अडतिसावा मुंबईत, २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४. त्यासाठी पोप सहावे पॉल स्वतः आले, २ डिसेंबरला. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप.

मी तेव्हा नऊ वर्षांची. वडिलांनी मला आणि थोरल्या भावाला नेलं. आई वाडीत, केळीचे लोंगर उतरवायचे होते. तेव्हा आमच्या स्टेशनाचं नाव बसीन रोड होतं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाकडे निघालो आणि त्या रेट्यात माझी एक चप्पल गेली. वडिलांनी परत वळून बघितलंसुद्धा नाही, वळताच येईना. त्यांनी खिशातला मोठा रुमाल काढून माझ्या पायाला गुंडाळला, वर गाठ मारली. मग मला एका दगडावर उभं केलं. पोप दिसले का? पांढरा ठिपका दिसला. तो पोप होता की दुसरे कुणी, हे आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वेदीवर उचललेली होस्ट तर एवढ्या लांबून कुठली दिसायला. पण घंटा वाजली आणि ते अख्खं मैदान गप्प झालं. एवढी माणसं एकदम गप्प होतात तेव्हा कानात जे वाजतं, ते मी त्यानंतर परत ऐकलं नाही. पहाटे चारला, पाऊस नसेल तर, त्याच्या जवळपास काहीतरी येतं.

परतीच्या गाडीत एका काकांनी उठून मला जागा दिली आणि रुमालाच्या पायाकडे बघून विचारलं, "पोपसाहेबांसाठी चप्पल ठेवून आलीस काय?" वडील ती गोष्ट मरेपर्यंत सांगत.

एक भर घालते. याच भेटीत, ३ डिसेंबरला, पोप इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले. त्यांच्यापुढे बोलताना त्यांनी उपनिषदातली प्रार्थना म्हटली. असत्याकडून सत्याकडे, अंधारातून उजेडाकडे, मरणातून अमरतेकडे ने, ही. शाळेत मी "असतो मा सद्गमय" फळ्यावर लिहायची तेव्हा मुलांना हे आवर्जून सांगायची.

बिल्ला जपा. पेल्यावरची ती गोल चकती म्हणजे होस्ट.

*

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात चोवीस तास, सातही दिवस आराधना सुरू करायचा विचार आहे. तरुणांत खूप उत्साह आहे. तुमचा अनुभव सांगा.
— समितीची सदस्य, पुणे

उत्तर : आधी कागद घ्या. आठवड्याचे तास १६८. एका तासाला दोघं हवीत, कारण एकाला ताप आला तर दुसरा असतो. झाली ३३६ नावं. दर आठवड्याला, मे महिन्यात, गणपतीच्या सुट्टीत, लग्नसराईत. उत्साह रात्री अकरापर्यंत पुरतो. एक ते चार हे तीन तास जो भरतो त्याच्या जिवावर सगळं चालतं. म्हणून माझं ऐकाल तर एका रात्रीपासून सुरू करा.

आमची रात्र लहान आहे. आठला मांडतात, सकाळी सहाच्या मिस्सापूर्वी आशीर्वाद देऊन उचलतात. दहा तास, वीस नावं. तीन ते चारला चाफेवाला असतो. घरचे लोक बॅटरी लावून वाडीत सोनचाफा तोडत असतात, हा इथे. चारला मुलगा मोटारसायकलवरून टोपल्या आणतो आणि बापलेक दादरच्या फूलबाजाराकडे निघतात. मी आत शिरताना पोर्चमध्येच ओल्या केळीच्या पानाखालून तो वास येतो. त्यावरून कळतं, चार वाजले.

आता माझी फजिती ऐका, तुमच्या कामाची आहे. २०२५ मध्ये ऑगस्टचा पहिला शुक्रवार एक तारखेलाच पडला. म्हणजे आराधनेचा गुरुवार ३१ जुलै. त्या रात्री धो धो पाऊस, वीज गेलेली, वेदीवरच्या सहा मेणबत्त्यांचा तेवढा उजेड. माझी जोडीदारीण तापाने आडवी, म्हणून मी एकटीच. पाच वाजले. पाच-दहा झाले. पाच ते सहाला एक नवीन जोडपं होतं, त्यांचा पत्ता नाही. साक्रामेंत उघडा असताना समोर माणूस नाही असं चालत नाही, त्यामुळे बघायला दारापर्यंतही जाता येईना. फादरांना उठवावं तर सहाची मिस्सा त्यांचीच. बसले. तो तास मी प्रार्थनेत घालवला असं म्हणणार नाही. त्या जोडप्याला काय काय सुनवायचं त्याची वाक्यं जुळवली. मास्तरीण आहे, वाक्यं चांगली जमली होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी समोर बघत मनातल्या मनात शिक्षा देत होते.

रविवारी दोघं देवळाबाहेर भेटले, हसत. "बाई, आठ तारखेला पहाटे येतो हं." आणि त्याने पाकिटातून चिठ्ठी काढून दाखवली. अक्षर माझं. "शुक्रवार, ८ ऑगस्ट, पहाटे ५ ते ६." बाकीच्यांना मी फोन केले होते, या दोघांना नवीन म्हणून कौतुकाने चिठ्ठी दिली होती, आणि ती लिहिताना महिन्याचा पहिला गुरुवार मोजला होता, पहिल्या शुक्रवारच्या आदला नव्हे. जुळवलेली सगळी वाक्यं गिळली. माफी मागितली. ते दोघं आता माझे सगळ्यांत भरवशाचे आहेत.

तेव्हा तक्त्यावर तारीख दोनदा लिहा. "गुरुवारची रात्र, उजाडता शुक्रवार, पहाटे पाच" असं. रात्री बारानंतरचा वार कुठला यावर भले भले चुकतात. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन, संदेश नव्हे. बदलीसाठी देवळाजवळ राहणारी चार नावं वेगळी ठेवा. बायकांचे तास एकेकटीला देऊ नका. फाटकाची किल्ली कुणाकडे, हे ठरवल्याशिवाय पहिली मेणबत्ती पेटवू नका. आणि एखाद्या महिन्यात रात्रीचे तास भरले नाहीत तर रीतसर साक्रामेंत उचलून ठेवा. रिकाम्या बाकांपुढे हट्टाने मांडून ठेवण्यात भक्ती नाही.

*

प्रश्न : कोविडमध्ये मोबाईलवर आराधना बघायची सवय लागली, ती सुटत नाही. घरबसल्या केली तर तेवढंच पुण्य का?
— वाचक, मीरा रोड

उत्तर : तुमचे पाय धड आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. उत्तर त्यावर आहे.

धड असतील तर देवळात जा. मोबाईलवर भाजी निवडता निवडता बघता येतं, मीही बघते, भाजी आणि आराधना दोन्ही अर्धवट होतात. आपल्या शेजारी कुणी खोकत बसलेलं नसतं, कुणी आपल्यानंतर येणार म्हणून थांबावं लागत नाही. आवडलं नाही की बोटाने पुढे सरकवता येतं. मला ती सोयच खटकते.

पाय धड नसतील तर गोष्ट वेगळी. पहिल्या शुक्रवारी सकाळच्या मिस्सानंतर मी छोट्या डबीतून ख्रिस्तप्रसाद घेऊन पाखाडीतल्या सात घरी जाते. त्यांतल्या एका घरी एक आजी आहेत, अंथरुणावरून उठत नाहीत. नातवाने त्यांना मोबाईल उभा करून दिलाय, रात्रभर तो चालू असतो. कितीतरी वर्षं रात्री दोन ते तीनचा तास त्यांचा होता, कंदील घेऊन यायच्या त्या काळापासून. मी पोचले की आधी ख्रिस्तप्रसाद घेतात, थोडा वेळ डोळे मिटून असतात, मग डोळे उघडून मला विचारतात, "दोनला कोण होतं?" मी नावं सांगते. त्यांना सगळी घराणी माहीत. "तो? त्याचा बाप कधी देवळात दिसला नाही," असंही म्हणून घेतात.

मागे एकदा म्हणाल्या, "बाय, माझं नाव लाव परत. नाहीतरी दोनला जागीच असते." मी फादरांना विचारलं. ते म्हणाले, लावा. तेव्हापासून तक्त्यावर दोन ते तीनच्या रकान्यात त्यांचं नाव आहे. पण त्या मोजायच्या नाहीत, देवळात बसणारी दोन माणसं वेगळी लागतात. पुढच्या महिन्यापासून त्यांतलं एक नाव कमी होतंय, मुलगा नोकरीला नाशिकला चाललाय. वसईतल्या कुणाला जमणार असेल तर कळवा. फोन मीच करीन, आदल्या संध्याकाळी.